सूज, श्वास आणि पुण्याची हवा
दिवाळीनंतर पुण्यातील रात्री गारठतात, जमिनीलगतची थंड हवा धूर आणि धूळ खालीच धरून ठेवते आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. म्हणूनच हा अंक दम्याविषयी आहे. दमा म्हणजे श्वासनलिकांना आलेली दीर्घकालीन सूज असून, धूर, परागकण किंवा विषाणुसंसर्ग यांमुळे नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, कफ दाटतो आणि विशेषतः उच्छ्वास अडखळतो. अनेक घरांत धाप थांबली की औषधही थांबते, आणि इन्हेलर, म्हणजे औषध थेट श्वासनलिकांत पोहोचवणारे साधन, शेवटचा उपाय मानले जाते. हा समज घातक आहे, कारण लक्षणे नसतानाही सूज टिकून राहू शकते. प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांनी केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या औषधावर विसंबू नये, सूज कमी करणारे स्टेरॉइडही श्वासावाटे घ्यावे, असे ‘जीना’ ही जागतिक मार्गदर्शिका २०१९पासून सांगते. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ प्रणालीने पुण्याला २०१३मध्ये हवेच्या गुणवत्तेचा अंदाज उपलब्ध करून दिला. त्याचा दैनंदिन उपयोग कसा करावा, यावर अंकाचा भर आहे. वर्गात इन्हेलर लपवणाऱ्या मुलांच्या पालकांनी व शिक्षकांनी आपले अनुभव अवश्य कळवावेत, अशी संपादक मंडळाची विनंती आहे.