हेलमंदचा कापूस आणि खात्यांचे युद्ध



युद्ध बंदुकीवर चालते असे आपल्याला शिकवले. आम्ही म्हणतो, ते फायलीवर चालते. अमेरिकेने अफगाणिस्तानात २००१ ते २०२१ वीस वर्षे युद्ध केले. चार अध्यक्ष झाले, खाती तीच.

हेलमंद हा तिथला जुना कापसाचा मुलूख. शेतकरी म्हणत, कापसाला भाव द्या, अफू सोडतो. अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याने मोडता घातला. अमेरिकन मालाशी स्पर्धा करील अशा पिकाला परदेशात मदत नको, असा त्यांचा १९८६ चा कायदा! (एकाधिकार खरेदीत ग्रेडरपुढे गाड्या घेऊन उभे राहिलेल्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.) वाटले काय, तर गव्हाचे बियाणे.

अफू मोडायला २००२ ते २०१७ मध्ये ८६२ कोटी डॉलर खर्चले. अफूचा पेरा ७४ हजार हेक्टरांवरून ३ लाख २८ हजारांवर गेला. त्यावर तालिबानची वसुली, वसुलीतून बंदुका, आणि बंदुका दिसल्या की खाती आणखी पैसा मागायला मोकळी.

साहेबांना हे कळत नव्हते? सरकारी तपासनिसांपुढे त्यांनी दिलेल्या कबुल्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने कोर्टात भांडून मिळवल्या आणि २०१९ मध्ये छापल्या. बाहेर प्रगतीचे अहवाल, आत सगळे फसल्याची कबुली. कापूस अडवला म्हणून कोणाची नोकरी गेल्याचे मात्र आम्ही ऐकले नाही.