अपडेटला ‘नको’चं बटण कुठाय?

खरं सांगा, फोनवर ‘नवीन अपडेट आलंय’ अशी खिडकी उघडते तेव्हा त्यातलं तुम्ही काय वाचता? मी तर काहीच वाचत नाही. खाली दोन बटणं असतात. एक ‘आत्ता’, दुसरं ‘नंतर’. ‘नको’ असं तिसरं बटण मी तरी अजून पाहिलेलं नाही. मग आपण ‘नंतर’ दाबत दाबत आठवडा ढकलतो आणि एक दिवस वैतागून ‘आत्ता’ दाबून मोकळे होतो.

यंदा गणपतीत श्रीवर्धनला घरी गेले तेव्हा बाबांच्या फोनवर मीच ते ‘आत्ता’ दाबलं. मुंबईत मास मीडिया शिकलेली लेक घरी आली की फोन, टीव्ही, आधार, वीजबिल सगळं तिच्याकडे येतं, हे तुम्हाला सांगायला नकोच. बाबा महिनाभर ‘नंतर’ दाबत होते. मी म्हटलं, ‘अहो, सिक्युरिटीसाठी असतं ते, करून टाकू.’ अर्ध्या तासात अपडेट झालं. नवे आयकॉन आले, घड्याळ मोठं झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून फोन तव्यासारखा तापायला लागला.

फोन २०२१च्या दिवाळीतला, कंपनीचं नाव सांगत नाही. सकाळी फुल चार्ज केलेला दुपारच्या जेवणापर्यंत लाल रेषेवर. पण त्यापेक्षा वाईट म्हणजे रिंग वाजायची आणि उचलायला गेलं की स्क्रीन काळी. आमच्याकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे, वाडीच्या कडेला दोन खोल्या. त्यांचं सगळं बुकिंग या एका फोनवर चालतं. शनिवार-रविवारचे दोन पाहुणे असेच गेले. त्यातल्या एकांनी नंतर मेसेज टाकला, ‘फोन उचलत नाही म्हणून दिवेआगरला घेतलं.’ बाबा मला काही बोलले नाहीत. त्यांनी फोन नुसता माझ्यासमोर टेबलावर ठेवला. बोलले असते तर बरं झालं असतं.

कंपनीच्या हेल्पलाइनवर उत्तर आलं, ‘फॅक्टरी रिसेट करा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला दाखवा.’ रिसेट करून नवीच सिस्टीम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, जुनी परत येत नाही. आणि सर्व्हिस सेंटर? श्रीवर्धनहून एसटीने म्हसळ्यावरून माणगाव, तिथून पुढे पनवेल. एक दिवस तिकडे जाणार, आणि फोन ठेवून घेतला तर दुसरा दिवस तो आणायला. पुण्या-मुंबईत बसून ‘जवळच्या केंद्राला भेट द्या’ असं लिहिणाऱ्याने एकदा आमच्या डेपोतून सकाळची गाडी पकडून दाखवावी.

शेवटी गेले बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात. दादाने फोन हातात घेतला, तापलेली पाठ चाचपली आणि म्हणाला, ‘जुनं सॉफ्टवेअर मारायला लागेल.’ ‘सॉफ्टवेअर मारणे’ हा शब्द कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. पण तालुक्याच्या गावांत फोन दुरुस्तीचं अर्धं शास्त्र त्या दोन शब्दांत आहे.

तर हे ‘मारणं’ म्हणजे नक्की काय, तेही सांगते. फोनमधून फोनच जुना करायची सोय बहुतेक कंपन्या देत नाहीत. त्यासाठी कॉम्प्युटर लागतो. आधीच्या व्हर्जनची पूर्ण फाइल, चांगली काही जीबींची, कॉम्प्युटरवर उतरवायची. फोन बंद करून ठरावीक बटणं दाबून वेगळ्या मोडमध्ये सुरू करायचा, केबल लावायची आणि फोनच्या पोटातली सिस्टीम पुसून त्यावर जुनी लिहायची. सॅमसंगवाल्यांसाठी दुकानदार ओडिन नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, शाओमीसाठी मी फ्लॅश. आयफोन असेल तर मॅकवर फाइंडर, विंडोजवर आयट्यून्स किंवा ॲपलचं नवं ॲप. मध्ये वीज गेली, केबल हलली, चुकीच्या मॉडेलची फाइल पडली तर फोनची वीट होते. दुकानातसुद्धा ‘वीट’ असंच म्हणतात.

आणि हे सगळं करूनही जुनं मारता येईलच असं नाही. आयफोनवर कुठलंही व्हर्जन टाकताना ॲपलचा सर्व्हर त्या फोनसाठी डिजिटल सही देतो. नवं व्हर्जन आलं की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत जुन्याची सही बंद होते. सही नाही म्हणजे मागे जाणं नाही, मग तुमच्याकडे फाइल असो, केबल असो, कितीही अक्कल असो. अँड्रॉइडमध्ये ८.०पासून रोलबॅक प्रोटेक्शन नावाची सोय आहे. फोन एका आकड्याची नोंद ठेवतो आणि त्यापेक्षा लहान आकड्याची सिस्टीम चालू देत नाही. तुमचा सॅमसंग असेल तर सेटिंगमध्ये बिल्ड नंबर काढा आणि शेवटून पाचवं अक्षर बघा. तोच तो आकडा. जुन्या फाइलमध्ये तो तुमच्यापेक्षा लहान असेल तर दुकानदाराचे आणि तुमचे दोघांचे कष्ट वाचवा. २०१८मध्ये शाओमीने असंच कुलूप आणलं तेव्हा रेडमी नोट ५ प्रो वापरणाऱ्या अनेकांना ते कळलंच नाही. ते सवयीने जुनं व्हर्जन मारायला गेले आणि हातात वीट आली. २०२२च्या ऑगस्टमध्ये गूगलने पिक्सेल ६साठी अँड्रॉइड १३ दिलं, तेव्हा एकदा वर गेलात की १२वर परतता येणार नाही, हे निदान आधी लिहून तरी टाकलं.

आमचं नशीब, बाबांच्या फोनचा आकडा जुळला. दादाने विचारलं, ‘ताई, बॅकअप घेतलाय ना? सगळं उडणार बरं का.’ मी म्हटलं, ‘हो हो.’

त्या ‘हो हो’बद्दल मला सांगायचंय. फोनमध्ये गूगल फोटोजचं चिन्ह होतं आणि मी गृहीत धरलं की सगळं वर जातंय. १ जून २०२१पासून गूगलची अमर्याद फुकट साठवण बंद झाली, १५ जीबीत सगळं बसवायचं, हे मला माहीत होतं. वर्गात आम्ही त्याच्यावर प्रेझेंटेशनसुद्धा केलंय! बाबांचे १५ जीबी कधीच भरले होते आणि बॅकअप कधीचा थांबला होता. ते उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती.

संध्याकाळी फोन मिळाला. तीनशे रुपये. गार, हलका, पूर्वीसारखा चालणारा आणि रिकामा. कॉन्टॅक्ट परत आले, ते ईमेलला जोडलेले होते. गेले ते वाडीचे फोटो. ३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं, त्याच्या आधीची वाडी. श्रीवर्धनची रोठा सुपारी तुम्ही ऐकली असेल. ती आजोबांनी लावलेली झाडं ओळीने उभी असलेली, खाली सुपारी वाळत घातलेली, आणि पायरीवर आजी बसलेली. वादळात निम्म्याहून जास्त वाडी आडवी झाली. सुपारीचं झाड धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, त्यामुळे नवीन लावलेली आत्ता कुठे अंगाला लागतायत. आजी आता नाही. बाबा आलेल्या पाहुण्यांना नेहमी ते फोटो दाखवायचे, ‘ही बघा, अशी होती.’

चूक माझी होती, कंपनीची नाही. हे लिहून टाकते, कारण पुढे जे म्हणणार आहे ते रागात म्हटल्यासारखं वाटायला नको. पण माझ्या चुकीमुळे एक प्रश्न सुटत नाही. चांगला चालणारा फोन परत चांगला चालवण्यासाठी माणसाला त्यातलं सगळं पुसून का घ्यावं लागतं?

कंपन्यांकडे याचं उत्तर आहे, आणि ते फालतू नाही. जुन्या व्हर्जनमधली भोकं नवीन व्हर्जन बुजवतं. मागे जायची वाट मोकळी ठेवली तर चोरही तिनेच आत येणार. तुमचा फोन लंपास करायचा, त्यावर भोक असलेली जुनी सिस्टीम टाकायची आणि लॉक फोडायचा. अपडेट न करण्याचे परिणाम आपण पाहिलेत. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभरचे कॉम्प्युटर बंद पाडले, आणि त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्या फोनमधून आपण यूपीआय करतो तो सहा वर्षं मागे ठेवा असं मी म्हणणार नाही. बूटलोडर अनलॉक करून वाट्टेल ते टाकायचा उद्योगही सांगणार नाही. त्यानंतर बँकेची ॲप अनेकदा उघडतच नाहीत.

पण हे उत्तर अर्धंच आहे. भोकं बुजवणं वेगळं आणि नवे आयकॉन, नवी ॲनिमेशन, न मागितलेला एआय देणं वेगळं. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून ‘सिक्युरिटी’चं लेबल लावायची काय गरज? वेगळं करता येतं. २०२१मध्ये ॲपलनेच सांगितलं होतं की आयओएस १४वर राहा, सुरक्षेचे अपडेट मिळतील. काही महिन्यांनी, २०२२च्या जानेवारीत, ती सोय तात्पुरती होती असं सांगून बंद केली. म्हणजे तंत्र होतं, इच्छा नव्हती. विंडोज ११वर गेलात आणि पटलं नाही तर १० दिवसांत मागे जायचं बटण असतं आणि तुमच्या फायली जागेवर राहतात. माझ्या लॅपटॉपला जो हक्क आहे तो बाबांच्या फोनला का नाही?

कंपनीची स्वतःची चूक झाली की मात्र वाट कशी पटकन सापडते, त्याचाही किस्सा आहे. २४ सप्टेंबर २०१४ला ॲपलने आयओएस ८.०.१ सोडलं आणि नव्याकोऱ्या आयफोन ६चं नेटवर्कच गेलं. बोटाच्या ठशाने लॉकही उघडेना. तासा-दीड तासात अपडेट मागे घेतलं आणि कंपनीनेच लोकांना सांगितलं, फोन कॉम्प्युटरला लावा आणि जुनं ८ टाका. आमच्या बाजारातल्या दादाचा धंदा ॲपलने एक दिवस अधिकृतपणे केला म्हणायचा.

इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०१८च्या ऑक्टोबरमध्ये जे केलं ते मला सगळ्यात पटतं. ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड. सॅमसंगचं प्रकरण गॅलॅक्सी नोट ४चं, ॲपलचं आयफोन ६चं. जुन्या फोनला न झेपणारी अपडेट लोकांच्या गळ्यात मारली, हा आरोप होताच. शिवाय आयोगाने हेही नोंदवलं की फोन पूर्वीसारखा करून घ्यायचा मार्ग लोकांना ठेवला नव्हता. म्हणजे परत जाता न येणं हीसुद्धा ग्राहकाची तक्रार होऊ शकते.

आपल्याकडे सुरुवात झाली आहे. आयओएस १८च्या अपडेटनंतर फोन नीट चालत नाहीत अशा तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आल्या आणि जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस काढली. कोणीतरी फोन करून सांगितलं म्हणून ती निघाली, हे लक्षात घ्या. तो नंबर १९१५. आपण काय करतो? इन्स्टावर स्टोरी टाकतो, ‘अपडेटने वाट लावली’ आणि खाली रडका इमोजी. चोवीस तासांत स्टोरी जाते, फोन तापलेलाच राहतो. ग्राहक आयोगातही ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला फी नाही. तुमचा कुठलाही फोन त्यात आरामात बसतो.

मागायचं काय? माझ्या मते फार नाही. मोठ्या अपडेटनंतर महिनाभर तरी फोनमधूनच, काही न पुसता, मागे जायची सोय. आणि ती देणारच नसाल तर अपडेटच्या खिडकीत पहिल्याच ओळीत, मराठीत, मोठ्या अक्षरांत: ‘यानंतर परत येता येणार नाही.’ बाबांनी ती ओळ वाचली असती. आमच्या पिढीचं माहीत नाही, पण ते सगळं वाचतात, औषधाच्या पाकिटावरचंसुद्धा.

वाडीच्या फोटोंपैकी चार सापडले. मावशीला बाबांनी कधीतरी व्हॉट्सॲपवर पाठवले होते. व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेले, मोठे केले की सुपारीची झावळी आणि मागचं आभाळ एक होतं. एकात आजीचा अर्धा पदर आहे.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी दुकानात जाऊन मी एक कागद लिहून दिला, दादाने तो काउंटरच्या काचेवर चिकटवलाय. ‘बॅकअप स्वतः उघडून दाखवल्याशिवाय सॉफ्टवेअर मारणार नाही.’ परवा फोनवर विचारलं, लोक वाचतात का? दादा म्हणाला, ‘वाचतात ना. वाचून म्हणतात, हो हो.’