खड्यांचा पट्टा आणि तहानलेला गळा

गेल्या मे महिन्यात नंदुरबारच्या बाजारात एका ओळखीच्या गृहस्थांनी गाडी थांबवून सलाम केला. मागच्या सीटवर त्यांचे केसाळ पांढरे कुत्रे जीभ बाहेर काढून धापा टाकत होते. गळ्यात चकाकत्या खड्यांचा पट्टा. "सर, खास मुंबईहून मागवला. अडीच हजार!" मी विचारले, "रेबीजची लस दिली का?" ते हसले. "घरातच असतो हो, त्याला कशाला लस?"

ते हसणे मला अजून खुपते.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवसांत केसाळ गळ्याभोवती जड, घट्ट पट्टा आवळायचा, खडे घासून कातडी सोलू द्यायची आणि याला लाड म्हणायचे? स्वतःचा गळा कुत्र्याला दिसतही नाही. तो पट्टा बघणाऱ्यांसाठी असतो. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस काय, कुत्रा काय, जवळजवळ कोणीच वाचत नाही. अडीच हजारांच्या पट्ट्यापुढे ती लस किती स्वस्त!

काही वाचक म्हणतील, मुसलमानाने कुत्र्याचा विषय काढावाच कशाला? त्यांनी बुखारी शरीफमधली हदीस आठवावी. एका तहानलेल्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला, पायातल्या चामडी मोज्यात पाणी भरून वर आला आणि ते त्याला पाजले. अल्लाहने त्याला माफ केले. त्या माणसाने कुत्र्याच्या गळ्यात काही घातले नव्हते, उलट स्वतःच्या पायातले काढले होते.

याउलट जुनागढचे नवाब महाबतखान. त्यांनी आपल्या लाडक्या कुत्रीचे थाटामाटात लग्न लावले, तिला दागिन्यांनी मढवले, असे सांगतात. आज नवाबांचे नाव निघते ते बहुतेक याच थट्टेसाठी.

पण नवाबांना हसण्याआधी आपण आपले अंगण पाहू. बकरी ईदच्या आधी बोकडाच्या गळ्यात हार घालून त्याचे फोटो कोण फिरवते? वजन आणि किंमत छातीठोकपणे कोण सांगते? दीनच्या भाषेत दिखाव्याला रिया म्हणतात. ती कुत्र्याच्या पट्ट्यात जितकी असते, तितकीच बोकडाच्या हारातही असते.

मी सजावटीच्या विरोधात नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपले शेतकरी शेजारी बैलांची खांदेमळणी करतात. ज्या खांद्याने वर्षभर जू वाहिले, तो आधी हळद-तुपाने मळतात. झूल आणि घुंगरमाळा त्यानंतर. पोळ्याला बैलाला जुंपतही नाहीत. आधी जनावराचा आराम, मग आपली हौस, हा क्रम ज्याला कळला त्याने खुशाल सजवावे.

म्हणून कुत्रा पाळणाऱ्यांना माझे सांगणे साधे आहे. दरवर्षी लस द्या. सावली आणि पाणी द्या. पट्टा मऊ असू द्या, त्याखालून दोन बोटे सहज जावीत. त्यावर खडे नकोत, आपला फोन नंबर लिहा; कुत्रा हरवला तर तोच कामाला येईल.

त्या दिवशी त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, "भाई, पट्टा जरा सैल करा आणि आधी त्याला पाणी पाजा." ते पुन्हा हसले आणि काच वर करून निघून गेले.