द्व्यर्थापेक्षा नाम्या मोठा

दादा कोंडके यांचे नाव निघाले की आपल्या साहित्यिक वर्तुळात दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक नाक मुरडण्याची. दुसरी, अलीकडे रुळलेली, ‘बहुजनांची अभिव्यक्ती’ म्हणून मान डोलावण्याची. मात्र दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात: हे चित्रपट चालले ते द्व्यर्थी संवादांमुळे. माझा आक्षेप नेमका या गृहीतकाला आहे.

द्व्यर्थ हा विनोदाच्या बाजारातला सर्वांत स्वस्त माल. तो शाळेतल्या मागच्या बाकावरही फुकट मिळतो. मग त्यासाठी माणसांनी पुन्हा पुन्हा तिकिटे का काढावीत?

उत्तर ‘सोंगाड्या’त (१९७१) आहे. वसंत सबनीस यांचे लेखन, गोविंद कुलकर्णी यांचे दिग्दर्शन. चाळिशीच्या उंबरठ्यावरचे दादा लोंबत्या नाडीची अर्धी चड्डी घालून नाम्या होतात. आयेचा धाक, तमाशाचे वेड आणि त्या वेडापायी घराला मुकणे, एवढेच त्याचे भांडवल. नाम्या बोलतो तेव्हा दुसरा अर्थ त्याच्या गावीही नसतो. तो पुरवतो प्रेक्षक. म्हणजे चावटपणा आपला आणि निरागसता त्याची. आपण स्वतःच्याच मनातल्या चोराला हसतो, आणि नाम्या निष्पाप राहिल्यामुळे त्या हसण्याला कुणाच्या अपमानाचा डाग लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, हा भाबडेपणा निव्वळ मुखवटा आहे. लेखकाला सारे ठाऊकच असते. मान्य. पण मुखवट्याचीही एक शिस्त असते. ज्याला अर्थच कळत नाही त्याला डोळा मारता येत नाही, बाईवर शिरजोरी करता येत नाही. संस्कृत नाटकातला विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो, सदैव भुकेलेला असतो. तमाशातल्या गवळणीतला पेंद्या स्वतःच्याच व्यंगाचे हसे करून घेतो. आपल्या परंपरेने ग्राम्य बोलण्याची मुभा दिली ती अशा उण्या माणसाला. वरचढाला नव्हे.

ही शिस्त सुटली की काय होते, हे खुद्द दादांच्याच कारकिर्दीत दिसते. ‘आली अंगावर’ (१९८२), ‘येऊ का घरात’ (१९९२) या शीर्षकांपाशीच चित्रपट प्रेक्षकाला कोपरखळी मारू लागतो. इथे न कळणारा कुणी उरतच नाही. पुढे हिंदीत ‘ग्रँड मस्ती’ने (२०१३) तर तीन जाणत्या, विवाहित पुरुषांची वखवख हाच विनोदाचा विषय केला. त्या चित्रपटाने गल्ला भरला, हे खरे; पण त्यातल्या तिघांपैकी एकाची तरी आठवण नाम्यासारखी कुणी जिवापाड जपली आहे काय?

म्हणूनच अभ्यासकांना माझे सांगणे आहे की द्व्यर्थी शब्दांच्या याद्या करणे आता पुरे. त्या याद्यांतून सोवळे टीकाकार अश्लीलता सिद्ध करतात आणि कैवारी विद्रोह. नाम्या दोघांच्याही हातून निसटतो. विद्यार्थ्यांना विचारायला शिकवा: या विनोदात अर्थ कुणाला कळतो आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतो आहे? बोलणाऱ्याला कळत नसेल आणि किंमत तोच मोजत असेल, तर तो विनोद कितीही ग्राम्य असला तरी माणुसकीचा आहे. किंमत जर पडद्यावरची बाई मोजत असेल, तर ‘लोककला’ हे बिरूद लावून त्याची सुटका होणार नाही.