पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती आणि पाच वर्षांचं शिक्षण

पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग कोकणात उतरतो. पळस्पे ते इंदापूर हा त्याच्या चौपदरीकरणाचा पहिला टप्पा. तो किती वर्षं रखडला, हे गणपतीला किंवा ईदला गावी गेलेल्या प्रत्येकाच्या कंबरेला ठाऊक आहे. या रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि न्यायालयाने सरकारला वेळोवेळी धारेवर धरलं. याचिका करणारे ॲड. ओवेस पेचकर कोकणातलेच. खड्ड्यांत आपटलेली माणसं लाखो होती. न्यायालयात उभं राहून सरकारकडे हिशेब मागायला मात्र वकील लागला.

पळस्प्याच्या आसपास वकिलाचं काम कुणाला पडत नाही? सिडको आली, महामार्ग रुंद झाले, आता विमानतळ आला. सातबारावरची नावं, वारसनोंदी, जमिनीचा मोबदला, प्रांत ऑफिसातले हेलपाटे यांतलं काही ना काही इथल्या घराघरात आहे. आपल्या मोहल्ल्यांत त्यात तलाक, वारसाहक्क आणि मशिदी-कब्रस्तानांच्या वक्फ जमिनींचे वाद मिसळतात. तरीही बारावीला चांगले मार्क पडले की घरात दोनच शब्द निघतात, डॉक्टर नाही तर इंजिनिअर. वकिली हा ‘दुसरं काही जमलं नाही म्हणून’ घ्यायचा कोर्स समजला जातो. याच जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यातल्या आंबेत गावचे अ. र. अंतुले बॅरिस्टर झाले आणि 1980 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढचा वकील आपल्या गावातून कसा निघेल, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

तो हिशेब मांडायला हवा. माझं म्हणणं थोडक्यात असं : कायद्याच्या कॉलेजची निवड करताना आपण पहिल्या वर्षाचा आकडा बघतो, आणि मदत करणारेही पहिल्या वर्षाचीच मदत करतात. शिक्षण मात्र पाच वर्षांचं आहे आणि पायावर उभं राहायला त्यापुढे आणखी दोन-तीन वर्षं लागतात. या फरकात आपली मुलं अडकतात.

आधी दारं कोणती, ते पाहू. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतर तीन वर्षांचा. पाच वर्षांसाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत 45 टक्के लागतात, ओबीसींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचं दार म्हणजे राज्याच्या सीईटी सेलची विधी सीईटी. हा पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दुसरं दार क्लॅटचं, राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं. तो पेपर फक्त इंग्रजीत, लांब उतारे वाचून उत्तरं द्यायचा, दोन तासांत 120 प्रश्न, आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या हुशार मुलीची कायद्याची समज इथे तपासली जाण्याआधी तिचा इंग्रजी वाचनाचा वेग तपासला जातो.

ही अडचण खरी आहे, आणि ती ओळखून काम करणारी माणसंही आहेत. प्रा. शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये ‘इडिया’ ही संस्था सुरू केली, ती गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांपर्यंत पोहोचवण्यासाठीच. बशीर 2019 मध्ये गेले, संस्थेचं काम चालू आहे. ज्यांना क्लॅट द्यायची आहे त्यांनी महागड्या क्लासच्या जाहिरातीआधी अशा संस्थेकडे चौकशी करावी.

आता निवडीचा प्रश्न. समजा पळस्प्याच्या एका मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळतो आहे. एक परराज्यातलं राष्ट्रीय विधी विद्यापीठ. तिथे फी, हॉस्टेल, मेस मिळून वर्षाला तीन लाख धरू. एका ट्रस्टने लाखाची शिष्यवृत्ती जाहीर केली आहे. दुसरं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, 1855 पासूनचं, जिथे 1935 पासून काही वर्षं डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य होते. तिथली फी हजारांत मोजायची, लाखांत नाही. पनवेलहून हार्बर लोकल आहे आणि उच्च न्यायालय कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

घरात चर्चा अशी होते : ‘लाख रुपये मिळतायत, एवढं मोठं नाव आहे, सोडायचं कशाला?’ पण पाच वर्षांचे पंधरा लाख होतात. त्यातला एक लाख पहिल्या वर्षी आला. उरलेल्या चौदा लाखांचं काय? दुसऱ्या वर्षी ट्रस्टकडे नवे अर्ज येतील, नवी मुलं असतील. ट्रस्टने शब्द मोडला असंही म्हणता येणार नाही, कारण पाच वर्षांचा शब्द त्याने दिलाच नव्हता.

म्हणून राष्ट्रीय विधी विद्यापीठ नको, असं मी म्हणत नाही. तिथले शिक्षक, ग्रंथालय, सोबतची मुलं, मोठ्या फर्मच्या नोकऱ्या या गोष्टी खऱ्या आहेत. मदत पाचही वर्षांची असेल आणि कागदावर असेल, तर मुलीला बेलाशक पाठवा, मुंबईचं नाव काढू नका. पण मदत एका वर्षाची असेल आणि पुढचं ‘अल्लाह मालिक है’ असेल, तर शासकीय महाविद्यालय किंवा घराजवळचं कॉलेज अधिक शहाणपणाचं. शासकीय महाविद्यालयाची कट-ऑफ उंच असते आणि सगळ्यांना ते मिळणार नाही, हे खरंच. मग नवीन पनवेलला भागुबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय आहे, कळंबोलीला केएलईचं कॉलेज आहे. पनवेलचं न्यायालय जवळ आहे. दुसऱ्या वर्षापासून एखाद्या चांगल्या वकिलाच्या हाताखाली बसणारा, तारखा लिहिणारा, नकला काढणारा मुलगा पाच वर्षांनी न्यायालयात बुजत नाही. नाव मोठं असलेल्या कॉलेजातून तिसऱ्या वर्षी परत यावं लागण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

व्याजाचा मुद्दाही टाळून चालणार नाही. आपल्याकडे बरीच घरं बँकेचं शैक्षणिक कर्ज घेत नाहीत, कारण त्यावर व्याज आहे. काही घरं गरज म्हणून घेतात. हा ज्याच्या त्याच्या इमानाचा आणि विचाराचा निर्णय आहे, त्यावर मी फतवा देणार नाही. पण जे घर कर्ज घेणारच नाही, त्याने तर पाच वर्षांची बेरीज प्रवेशाआधीच करायला हवी. इतर घरांना चौथ्या वर्षी बँक हा शेवटचा मार्ग उरतो. या घरांना तोही नसतो.

सरकारी मदत आहे, पण ती दाखल्यांवर चालते. इथेच आपला गोंधळ सर्वांत मोठा. बागवान, पिंजारी, तांबोळी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांना जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन क्रीमी लेयर लागतं. आपल्या भागातले कोकणी मुसलमान बहुतेक खुल्या प्रवर्गात येतात. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि बाकीचे निकष बसत असतील, तर त्यांना आर्थिक दुर्बल घटकाचं, म्हणजे ईडब्ल्यूएसचं, प्रमाणपत्र मिळू शकतं. ‘ते मुसलमानांना नसतं’ हा समज चुकीचा आहे. ते धर्म बघत नाही. 2014 मध्ये राज्याने अध्यादेशाने दिलेलं पाच टक्के मुस्लिम आरक्षण त्याच वर्षाअखेर संपलं. त्याची आठवण काढत बसण्यापेक्षा हातात आहे ते प्रमाणपत्र वेळेत काढणं मुलांच्या जास्त उपयोगाचं. जुन्या वास्तव्याचा पुरावा शोधायला महिना जातो, म्हणून निकाल लागल्यावर तहसीलची वाट धरू नका. बारावीच्या दिवाळीतच कागद गोळा करायला घ्या.

खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क सवलत योजना आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. मुलीला कायदा शिकवायला घरचा नकार असेल, तर ‘फी कुठून आणायची’ हे कारण आता तितकं टिकत नाही. पण एक अट विसरू नका. या सवलती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, प्रवेश घेतलेल्यांना असतात. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने सीट ‘पक्की’ करणारा बाप त्याच वेळी पाच वर्षांची सवलत गमावून बसतो. आपल्याला हवं असलेलं कॉलेज सवलतीत बसतं का, हे पैसे भरण्याआधी तिथल्या कार्यालयात विचारा आणि लेखी मागा. सरकारी रक्कम उशिरा येते, कॉलेज पहिला हप्ता आधी मागू शकतं, तेव्हा ती तजवीजही हवी. आणि दर वर्षी नूतनीकरण असतं. एक दाखला चुकला की एक वर्ष गेलं.

शिष्यवृत्ती मध्येच संपली की काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. बाबासाहेबांना 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. अमेरिकेतून ते लंडनला गेले, अर्थशास्त्राबरोबर ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. अटीप्रमाणे बडोद्याला नोकरीला गेले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज, या जोरावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले. सयाजीरावांचे उपकार मोठेच. पण त्या बुद्धीच्या माणसालाही मुदत संपल्याचा फटका तीन वर्षं बसला. पळस्प्याच्या सामान्य मुलाला तो बसला, तर तो परत जाईल का?

आणि पाच वर्षांवर काम संपत नाही. सनद काढायची फी आता मोठी नाही. खुल्या प्रवर्गासाठी 750 रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये सांगितलं. खरी अडचण त्यानंतरच्या वर्षांची आहे. ज्युनिअर वकिलाला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये सुचवलं. ते सुचवणं आहे, सक्ती नाही. शिवाय मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा अनिवार्य केली. म्हणजे न्यायाधीश व्हायचं स्वप्न असलेल्या मुलीने पाच अधिक तीन, अशा आठ वर्षांची तयारी ठेवायची. पदवी होताच कमावून आणण्याची घाई असलेल्या घरातून ती या तीन वर्षांत मागे फिरते.

आता आपल्या जमातींकडे आणि ट्रस्टकडे येतो. निकालानंतर गावोगाव गुणगौरव होतो. शाल, ट्रॉफी, पाकिटात दोन हजार, फोटो, बिर्याणी. मुलांचं कौतुक व्हावंच. पण त्याच पैशांत एका मुलाला पाच वर्षांचा लेखी शब्द देता आला असता, हा विचार कुणी करावा? यावर दोन आक्षेप येतात. पहिला, एकालाच का, वीस जणांना थोडं थोडं का नको? वीस जणांना दोन-दोन हजार दिल्याने एकाचंही शिक्षण तरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : जकात दर वर्षी निघते आणि दर वर्षी वाटायची असते, पुढच्या वर्षाचा शब्द कसा द्यायचा? तर जकातीपलीकडच्या इमदादीतून एक वेगळा निधी ठेवावा. अर्धी रक्कम मदत म्हणून आणि अर्धी कर्जे हसना म्हणून द्यावी, वकिली चालू लागल्यावर बिनव्याजी परत घ्यावी, आणि तीच पुढच्या मुलाला द्यावी. दर वर्षी निकाल बघावा, पण नापास झाल्याशिवाय हात काढून घेऊ नये. अटी पहिल्याच दिवशी सांगाव्यात. वर्षाला एका मुलाने सुरुवात करा. पाच वर्षांनी एकाच वेळी पाच मुलं शिकत असतील आणि सहाव्या वर्षी पहिला काळा कोट गावात येईल.

पालकांनीही शिष्यवृत्तीचं पत्र हातात आल्यावर आभार मानून तीन प्रश्न विचारावेत. ही रक्कम किती वर्षं मिळेल? एखादा विषय राहिला तर बंद होईल का? दुसरी मदत घेतली तर ही कापली जाईल का? आपल्याकडे देणाऱ्याला प्रश्न विचारणं बेअदबी समजतात. पण जी मुलगी उद्या न्यायालयात सरकारला प्रश्न विचारणार आहे, तिने हे तीन प्रश्न स्वतःच विचारले, तर वडीलधाऱ्यांनी तिला गप्प बसवू नये.