केबलवरचा बाण

स्टिरिओच्या केबलवर बाण छापलेला असतो. ती उलटी जोडली तर संगीतातला ‘प्राण’ जातो, असे मानणारा एक श्रद्धाळू पंथ आहे. तांब्याची तार ओढून काढताना तिच्या कणांना दिशा प्राप्त होते, हा त्यांचा सिद्धान्त. परंतु ध्वनिसंकेताचा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. ११० हर्ट्झचा एखादा स्वर घ्या. प्रवाह सेकंदाला ११० वेळा पुढे आणि तितक्याच वेळा मागे जातो. मग यातली ‘योग्य’ दिशा कोणती?

बाण नेहमीच निरर्थक असतो असे नव्हे. काही केबलींत बाहेरचे जाळीदार वेष्टन एकाच टोकाला, बहुधा स्रोताकडे, जोडलेले असते. उलट जोडणीने क्वचित घरघर वाढू शकते. पण ही जोडणीची कथा झाली, तांब्याच्या स्वभावाची नव्हे.

आमचा खरा आक्षेप भाषेला आहे. ‘खोली’, ‘अवकाश’, ‘मोकळेपणा’ हे शब्द कोणत्याही पुराव्याला बांधील नसतात (आम्हां समीक्षेच्या धंद्यातल्यांना हे कुणी सांगायला नको). फरक ऐकू आला नाही तर केबल नव्हे, ऐकणाराच नापास. त्याचा कान असंस्कृत! रियाजाने कान तयार होतो, हे सत्य येथे गिऱ्हाइकाला लाजवण्यासाठी राबवले जाते. खरेच ऐकू येत असेल तर कुणीतरी पडद्याआड केबल उलटसुलट करावी आणि यांनी वीसदा ओळखून दाखवावे. तशी सूचना केली की उत्तर येते, परीक्षेच्या दडपणाखाली कान चालत नाही. दुकानदारासमोर तो कसा चालतो, हे विचारून पाहावे.