सूट कुणाची, बट्टा कुणाला?

‘डिस्काउंट’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की त्याला मराठीत काय म्हणतात हे कुणी विचारत नाही. बीदर-कलबुर्गीच्या बाजारात कुणी ‘थोडं कमी करा की’ म्हणतं, कुणी ‘स्वल्प कडिमे माडी’, तर कुणी ‘थोडा कम करो भई’. मागणी एकच. पण मराठीत या एका शब्दाच्या जागी निदान पाच शब्द आहेत: सूट, सवलत, वटाव, बट्टा आणि कडता. ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण प्रत्येकात पैसा वेगळ्या खिशातून जातो. सगळ्यांना ‘डिस्काउंट’ म्हटलं की तो खिसाच दिसेनासा होतो, ही माझी तक्रार आहे.

आधी वटाव बघू. तीन महिन्यांनी पैसे देणारी हुंडी आजच मोडायची असेल, तर सावकार काही रक्कम कापून घ्यायचा. ती कापलेली रक्कम म्हणजे वटाव. आपण आजही चेक ‘वटवतो’, तो याच घराण्यातला शब्द. यात थांबण्याची किंमत मोजली जाते आणि ती दोघांनाही माहीत असते. व्यवहार म्हणून हा सरळ आहे.

बट्टा मात्र आपल्या भागाच्या आठवणीतला शब्द. निजामाच्या राज्यात बीदर आणि गुलबर्ग्यात हाली रुपया चालायचा, तर पलीकडे सोलापुरात इंग्रजांचा कलदार. शेवटी शेवटी 7 हाली म्हणजे 6 कलदार असा हिशेब होता. गावच्या बाजारात जो पुरा रुपया, तोच हद्द ओलांडली की कमी भरायचा. नाणं तेच, पण बट्टा लागायचा. 1948 मध्ये संस्थान भारतात आलं, तरी हाली नाणं पूर्ण बंद व्हायला 1959 उजाडलं. नाणं गेलं आणि शब्द माणसाला चिकटला. ‘घराण्याच्या नावाला बट्टा लावला’ असं म्हणतो तेव्हा आपण बाजारातलीच भाषा बोलत असतो.

कडता हा शब्द शहरातल्या मुलांना माहीत नसेल, पण ज्यांच्या घरची तूर अडतीवर जाते त्यांना तो चांगलाच ठाऊक आहे. पोत्याचं वजन, माती, ओल अशी कारणं सांगून मालाच्या वजनातून जे कापलं जातं, तो कडता. समजा क्विंटलमागे 1 किलो धरला, तर 20 क्विंटलवाल्याची 20 किलो तूर गेली. काही ठिकाणी यालाही ‘सूट’च म्हणतात! म्हणजे गिऱ्हाइकाला मिळते तीही सूट आणि शेतकऱ्याकडून घेतात तीही सूट. पहिली मागून मिळते, दुसरी न विचारता जाते.

दुकानातली सूट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पाकिटावर छापलेली एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत असते, त्याहून कमीत विकायला दुकानदार मोकळा असतो. तेव्हा एमआरपीपेक्षा दहा रुपये कमी घेतले म्हणजे लगेच उपकार झाले असं नाही. दुसरी गंमत आकड्यांची. ‘50 टक्के अधिक 20 टक्के सूट’ वाचून आपण 70 धरतो. पण 1000 रुपयांचे आधी 500 होतात, मग त्या 500 वर 20 टक्के, म्हणजे 400. सूट झाली 60 टक्के. आणि हे पैसे नेमके कुणी सोडले? दुकानाने, कंपनीने, की माल बनवणाऱ्या छोट्या कारागिराने?

लूकच्या शुभवर्तमानात, 16 व्या अध्यायात, अन्यायी कारभाऱ्याचा दाखला आहे. नोकरी जाणार हे कळल्यावर तो मालकाच्या कुळांना बोलावतो. तेलाचा शंभराचा आकडा पन्नासवर आणतो, गव्हाचा शंभराचा ऐंशीवर. या दाखल्याचे अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावलेत. मला त्यातली एक साधी गोष्ट दिसते: सूट देणारा एक आणि सोसणारा दुसराच.

उरली सवलत. हा शब्द अरबी ‘सुहूलत’वरून आला, अर्थ सोय. आपल्याकडे उर्दूत ‘रिआयत’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘रियायिती’. रिआयत आणि रयत हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे, आणि त्या धातूचा अर्थ कळप राखणं, सांभाळणं. म्हणजे सवलत ही मुळात मेहेरबानी नाहीच, ती राखणाऱ्याची जबाबदारी आहे.

हे सांगायचं कारण आहे. 2012 च्या 98 व्या घटनादुरुस्तीने 371 (जे) कलम आलं आणि कल्याण कर्नाटकातल्या आपल्या जिल्ह्यांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा मिळाल्या. त्या जागेवर गेलेल्या मुलाला बाहेर कुणीतरी हमखास म्हणतं, ‘तू काय, डिस्काउंटवर आलास.’ आपल्यातलेही काही जण जातीच्या आरक्षणावर आलेल्या मित्राला हेच ऐकवतात. इथे शब्दाची फसवणूक पुरी होते. जी वर्षानुवर्षं मागे ठेवल्याची भरपाई आहे, तिला दुकानातल्या सेलचं नाव दिलं जातं. त्या मुलाने काही कमी किंमत मोजलेली नसते. शाळा लांब, शिक्षक कमी, घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, ही किंमत त्याने आधीच भरलेली असते. त्याला हिणवणं म्हणजे हाली रुपयासारखं हद्दीवर उभं करून बट्टा लावणं.

म्हणून वाटतं, आपल्या मंडळाने यंदा एक काम करावं. घरातल्या आजी-आजोबांना, अडतीवर जाणाऱ्या काकांना, किराणा दुकानदाराला विचारून देण्याघेण्याचे शब्द लिहून काढावेत: मराठी, कन्नड, दखनी, सगळे. प्रत्येक शब्दापुढे दोन रकाने ठेवावेत, ‘कुणाला मिळतं’ आणि ‘कुणाचं जातं’. दुसरा रकाना भरायला वेळ लागेल. पण तोच आधी भरू या.